स्वप्रतिपिंडे आणि संधिवात : रक्ताचा अहवाल काय सांगतो?

पेडण्यातील मिरचीच्या मळ्यात किंवा डिचोलीतील भातशेतीत राबणाऱ्या बाईचे सांधे दुखू लागले की ‘वात धरला’ असे म्हणून तेल चोळले जाते. बहुतेकदा ते दुखणे श्रमाचे वा झिजेचेच असते. मात्र सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटे तासभर आखडून राहत असतील, सांधे सुजत असतील आणि हा त्रास सहा आठवडे टिकला असेल, तर त्याचे मूळ शरीराच्या संरक्षणव्यवस्थेत असू शकते.

रोगजंतूंचा सामना करण्यासाठी शरीर प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार करते. ही व्यवस्था आप-पर भाव विसरली की स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होतात. त्यांना स्वप्रतिपिंडे म्हणतात. आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस), ल्युपस, शोग्रेन, स्क्लेरोडर्मा या विकारांत ती प्रामुख्याने आढळतात.

प्रमुख स्वप्रतिपिंडे

आरए फॅक्टर : नॉर्वेचे एरिक वालर यांनी १९४० मध्ये याचे वर्णन केले. आमवाताच्या सुमारे ७० ते ८० टक्के रुग्णांत तो सापडतो. पण क्षयरोग, यकृताचा जुनाट संसर्ग आणि उतारवय यांतही आढळू शकतो.

अँटी-सीसीपी : ही चाचणी आमवातासाठी अधिक नेमकी आहे. सांधे कायमचे वाकडे होण्याचा धोका कोणाला जास्त आहे, याचाही अंदाज तिच्यावरून येतो.

एएनए : पेशीकेंद्राविरुद्धची प्रतिपिंडे. ल्युपसच्या जवळजवळ सर्व रुग्णांत ती असतात.

अँटी-डीएसडीएनए : ल्युपसमध्ये ही प्रतिपिंडे डीएनएशी जुळून मूत्रपिंडात साचतात व तेथे दाह निर्माण करतात. म्हणूनच ल्युपसच्या रुग्णांची लघवी नियमित तपासतात.

अँटी-रो : गर्भवतीच्या रक्तातून ही वारेवाटे बाळापर्यंत पोहोचतात आणि क्वचित बाळाच्या हृदयाची गती मंदावते. त्यामुळे गरोदरपणाआधीच डॉक्टरांना कल्पना द्यावी.

अँटीफॉस्फोलिपिड : रक्ताच्या गुठळ्या व वारंवार गर्भपात यांच्याशी निगडित. निदान पक्के करण्यासाठी किमान १२ आठवड्यांनी चाचणी पुन्हा करतात.

‘पॉझिटिव्ह’ म्हणजे रोग नव्हे

एएनए चाचणी १:८० या पातळीवर केली तर निरोगी माणसांतही शंभरांपैकी सुमारे १३ जणांचा अहवाल ‘पॉझिटिव्ह’ येतो. त्यामुळे लक्षणे नसताना हौसेने चाचणी करून घेणे म्हणजे विनाकारण धास्ती ओढवून घेणे होय. उलट, अहवाल ‘निगेटिव्ह’ असूनही आमवात असू शकतो. निदान होते ते लक्षणे, तपासणी आणि अहवाल यांच्या मेळातून.

तरीही ही प्रतिपिंडे पूर्वसूचना देतात. अमेरिकी सैनिकांच्या साठवलेल्या रक्तावरील २००३ च्या अभ्यासात, ल्युपसचे निदान होण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून स्वप्रतिपिंडे असल्याचे दिसले.

धूळ आणि धूम्रपान

आनुवंशिकतेला बाहेरील कारणांची जोड मिळते. धूम्रपानामुळे अँटी-सीसीपी असलेल्या आमवाताचा धोका वाढतो. खाणकाम, दगडफोड यांतील सिलिकायुक्त धुळीचा संबंधही आमवात व स्क्लेरोडर्माशी जोडला गेला आहे. डिचोलीसारख्या खाणपट्ट्यात धुळीत काम केलेल्यांनी ही माहिती डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

आपल्याकडील चित्र

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये चार हजारांहून अधिक प्रौढांची घरोघर पाहणी झाली. सुमारे १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंच्या तक्रारी होत्या. आमवात मात्र सुमारे अर्धा टक्का लोकांतच आढळला. अर्थात दुखणारे पुष्कळ आणि आमवाताचे मोजके. त्या मोजक्यांना वेळीच ओळखणे हेच चाचणीचे प्रयोजन.

काय करावे?

प्रथम जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवावे. गरज भासल्यास तेथून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात किंवा संधिवाततज्ज्ञाकडे जावे. आमवातात सुरुवातीच्या काही महिन्यांतील उपचार सांधे वाचवतात. यात वापरली जाणारी मेथोट्रेक्सेट ही गोळी सहसा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते, आणि गरोदरपणात ती वर्ज्य आहे. बरे वाटले म्हणून औषध परस्पर बंद करू नये. जुने अहवाल जपून ठेवावेत आणि प्रत्येक भेटीत सोबत न्यावेत.