राख, चिंच आणि मोरी : भंडाऱ्याच्या सांडपाण्याचा घरगुती इतिहास

भंडारा जिल्ह्यातील घरांच्या सांडपाण्याचा इतिहास सरकारी दप्तरापेक्षा तेथल्या भांड्यांवरून अधिक उलगडतो. वैनगंगेकाठच्या भंडारा शहरात १८६७ मध्ये नगरपालिका स्थापन झाली आणि १९०१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १४ हजार भरली. त्या काळी पितळी भांडी घडवणे हा तेथील प्रमुख धंदा होता आणि कासारांच्या हातचे गुंड, लोटे, पराती घरोघरी नांदत होत्या. पितळ काळवंडते, म्हणून ते रोज घासावे लागते, आणि घासण्यासाठी जे जे वापरले जाते ते शेवटी मोरीत उतरते.

मोरी म्हणजे भांडी घासण्याची व हातपाय धुण्याची, बुटका काठ असलेली फरसबंद जागा. तिचे पाणी भिंतीतल्या छिद्रातून उघड्या पन्हळीत आणि तेथून मागच्या वाडीतील केळी-अळूच्या आळ्यात जाई. या मोरीत उतरणारा ऐवज भातपट्ट्याला साजेसा होता. भाताचा मांड निवला की पिठूळ, चिकट होतो आणि शिते त्यात अडकतात. शिवाय उभ्या धानात उतेरा पद्धतीने, म्हणजे धान कापण्याआधीच ओल्या बांधीत बी फेकून घेतलेल्या जवसाचे तेल खाण्यात असे. जवसाचे तेल हवेत हळूहळू सुकून घट्ट पापुद्रा धरते, आणि हाच गुण रंगाच्या धंद्यात त्याची किंमत वाढवत असला तरी मोरीत तो तापदायक ठरतो.

यावरचा उपाय चुलीतच तयार असे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा क्षार असतो. राख पाण्यात कालवून निवळू दिली की वरच्या पाण्यात तो उतरतो, आणि असे गरम पाणी तेलकट थरावर पडले की तेलाचा काही अंश साबणासारखा होऊन वाहून जातो. राखेचा न विरघळणारा भाग मात्र गाळ होऊन पन्हळीच्या तळाशी बसतो. एकच वस्तू मोरी मोकळी करणारी आणि तीच ती तुंबवणारी, असा हा पेच होता. तो फारसा जाचला नाही, याचे श्रेय राखेपेक्षा उघड्या पन्हळीला द्यावे लागते, कारण बांबूच्या कामटीने गाळ ओढून काढला की काम भागत असे. पितळाचा काळेपणा घालवणाऱ्या चिंचेतील टार्टारिक आम्लही त्याच पाण्यात मिसळे, आणि आम्ल व क्षार एकत्र आले की दोघांचाही जोर ओसरतो. चिंचेने भांडे लखलखे, पण मोरीला तिचा उपयोग नव्हता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही व्यवस्था मोडली. स्टेनलेस स्टीलने कासारांचे गिऱ्हाईक नेले आणि त्याबरोबर चिंचेचे कामही संपवले. चुलीच्या जागी गॅस आला तेव्हा राख घरातून गेली, आणि सर्फ (१९५९) व निरमा (१९६९) यांसारख्या पावडरींनी घराघरांत धुण्याची सवयच बदलली. उघड्या पन्हळीऐवजी बंद नळ आले आणि नळाला वळण देऊन त्यात पाणी अडवणारा ‘ट्रॅप’ आला, ज्याचे एस आकाराचे रूप लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्येच पेटंट केले होते. ट्रॅप दुर्गंधी रोखतो, परंतु चरबी आणि शितेही तेथेच थांबतात, आणि सरळ कामटी त्या वळणातून पुढे सरकत नाही.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा आज सर्वत्र सांगितला जाणारा उपाय या बंद नळासाठी आहे. दोन्ही मिसळताच कार्बन डायऑक्साइडचा फेस उसळतो आणि मागे सोडियम अॅसिटेटचे जवळजवळ निष्प्रभ पाणी उरते. हा राख-चिंचेचाच जुना हिशेब असून फेसाचा देखावा तेवढा नवा आहे. थोडा सैल गाळ त्याने हलतो, चरबी मात्र फारशी विरघळत नाही. त्यापेक्षा धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून ओतणे राखेच्या जवळचे आणि अधिक कामाचे आहे, मात्र उकळते पाणी पीव्हीसी नळाला मऊ करते हे ध्यानात ठेवावे लागते. कॉस्टिक सोडा प्रभावी असला तरी कातडी भाजतो, आणि ब्लीचमध्ये आम्ल मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो, म्हणून या दोहोंची गणना घरगुती उपायांत करणे धाडसाचे होईल.

गावांत वेगळे वळण आले. २०००-०१ पासूनच्या संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियानाने शोषखड्ड्याला, म्हणजे दगड-विटांचे तुकडे भरून सांडपाणी जमिनीत जिरवणाऱ्या खड्ड्याला, चालना दिली. या खड्ड्याच्या तोंडाशी तळाला छिद्रे पाडलेले मडके ठेवून त्यात नारळाची शेंडी किंवा तसेच काही तंतुमय भरतात. शिते व तेलकट मळ तेथे अडकतो आणि भरण बदलले की पाणी पुन्हा जिरू लागते. धानाच्या या जिल्ह्यात अशा भरणासाठी तणस हाताशीच असते, आणि मळलेले तणस उकिरड्यावर टाकले की ते खतात कुजून जाते.