विश्लेषण : मायक्रोकंट्रोलरवर काट्याचा मीटर कसा चालतो?

भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणं शहापूर तालुक्यात आहेत. तरीही याच तालुक्यातल्या अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा वेळी आसनगावातल्या एखाद्या इमारतीच्या गच्चीवरील टाकीत किती पाणी उरलंय, हे जिन्याखालीच कळलं तर मोठी सोय होते. टाकीतल्या सेन्सरचा आकडा मायक्रोकंट्रोलर वाचतो आणि तो दाखवायला स्क्रीनऐवजी काट्याचा साधा पॅनल मीटरही पुरतो.

कोणता मीटर लागतो?

शेतपंपाच्या स्टार्टर पेटीवरचा व्होल्टमीटर इथे उपयोगाचा नाही. तो एसीसाठी असतो आणि बहुतेकदा ‘मूव्हिंग आयर्न’ प्रकारचा असतो. त्याच्या स्केलवर सुरुवातीचे आकडे दाटीवाटीने छापलेले दिसतात. इथे डीसीवरचा ‘मूव्हिंग कॉइल’ मीटर लागतो. त्यात कायमस्वरूपी चुंबकाच्या मध्ये तारेची गुंडाळी असते. ती प्रवाहाच्या प्रमाणात फिरते, म्हणून आकडे समान अंतरावर असतात. डायलवर नालाच्या आकाराच्या चुंबकाची खूण असते. १ मिलिअ‍ॅम्पिअरचा मीटर सोयीचा.

रेझिस्टर का हवा?

गुंडाळीचा रोध फार कमी असतो. मीटर थेट ५ व्होल्टच्या पिनला जोडला, तर काटा जोरात शेवटच्या टोकावर आदळतो आणि गुंडाळी जळूही शकते. ५ व्होल्टला १ मिलिअ‍ॅम्पिअर प्रवाह हवा, तर एकूण रोध ५,००० ओहम लागतो. त्यासाठी ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि १ किलोओहमचा प्रीसेट मीटरशी सिरीजमध्ये जोडतात. पिनवर पूर्ण ५ व्होल्ट देऊन प्रीसेट फिरवत काटा शेवटच्या रेघेवर आणतात. बोर्ड ३.३ व्होल्टचा असेल, तर एकूण रोध ३,३०० ओहम धरावा.

काटा मधेच कसा थांबतो?

आर्डुइनो उनोची पिन फक्त चालू किंवा बंद होते. पण ‘पीडब्ल्यूएम’ पद्धतीत ती सेकंदाला सुमारे ४९० वेळा चालू-बंद होते. काट्याला एवढ्या वेगाने हलता येत नाही, त्यामुळे तो सरासरीवर स्थिरावतो. आकडा ० ते २५५ दरम्यान देतात. १२८ दिला की काटा जवळपास मध्यावर येतो.

शून्याचा अर्थ काय?

खरी फसगत इथे होते. टाकी रिकामी असली तरी काटा शून्यावर, आणि वीज गेली किंवा मीटरची तार तुटली तरी काटा शून्यावरच. म्हणून रिकाम्या टाकीला ० नव्हे, तर ५१, म्हणजे स्केलचा २० टक्के भाग द्यावा आणि भरलेल्या टाकीला २५५. कारखान्यांतल्या ४ ते २० मिलिअ‍ॅम्पिअरच्या सिग्नलमागेही हाच विचार असतो. सेन्सरकडून आकडा येणं थांबलं, तर प्रोग्रामने जुना आकडा धरून न ठेवता ० पाठवावा. मग काटा पार डावीकडे दिसला, की पाणी संपल्याचा निष्कर्ष न काढता आधी वीज, तारा आणि सेन्सर तपासता येतात.