घड्याळापुढचा डाव

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे बुद्धिबळाच्या महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. एकीकडे २००२ सालीच ग्रँडमास्टर झालेली, ३८ वर्षांची कोनेरू हंपी. दुसरीकडे आपल्या नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख. दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला जलद डाव झाले. त्यांतला पहिलाही बरोबरीत गेला. दुसऱ्यात वेळ संपत आली तशी हंपी चुकली. काळ्या मोहऱ्यांनी खेळणारी दिव्या जिंकली आणि भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली.

घड्याळाचा हा जाच कामगाराला ठाऊक आहे. पण दिव्याला लहानपणापासून पट, शिक्षक आणि सरावाला वेळ मिळाला. अकोल्याच्या कामगारवस्तीतल्या पोरीला तो कोण देणार? आठ तासांच्या दिवसासाठी कामगार झगडले, ते या फुरसतीसाठीही!