तारेच्या वाटेची कुळकथा

सातारा जिल्ह्यातलं मेढा वेण्णेच्या खोऱ्यात. एका डोंगराआड कोयना, दुसऱ्याआड कुडाळी. अशा मुलखातून उच्चदाबाची लाइन न्यायची तर डोंगर, जंगल आणि कसणाऱ्याचं रान या तिघांशी गाठ पडते. पहिल्या दोघांची नोंद आखणी करणाऱ्यांच्या नकाशावर आधीपासून होती. तिसऱ्याची व्हायला फार काळ गेला.

जुनी आखणी सर्व्हे ऑफ इंडियाच्या एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशावर सुरू व्हायची. दोन उपकेंद्रांमध्ये पेन्सिलीनं रेघ ओढायची, मग पायी पाहणी, मग थिओडोलाइट लावून मोजणी. जमिनीचा चढउतार आलेखाच्या कागदावर उतरला की खरी कारागिरी सुरू होई. तार तापली की लांबते, तिचा झोळ वाढतो. पुरती तापलेली तार किती झोळ घेईल तो वक्र पारदर्शक पट्टीवर कापलेला असे. ती पट्टी कागदावरच्या जमिनीवरून सरकवत न्यायची. २२० केव्हीच्या तारेखाली निदान सात मीटर मोकळे राहत नसतील, तिथं मनोरा उंच करायचा नाहीतर पुढेमागे हलवायचा. आज संगणक हेच करतो, पण अक्कल त्या पट्टीचीच.

त्या नकाशात बांध मात्र नव्हते. दहा गुंठ्यांचं खाचर चौरस धरलं तर बाजू भरते ३२ मीटर, म्हणजे नकाशावर अर्ध्या मिलिमीटरहून जरा जास्त. पेन्सिलीच्या रेघेखाली ते दिसेनासंच होई. आणि २२० केव्हीच्या लाइनीचा पट्टा असतो ३५ मीटर रुंद. त्याखाली भात लावता येतं, पण आंबा वाढवता येत नाही, घर बांधता येत नाही.

बांध दाखवणारा नकाशा होता, पण तो दुसऱ्या घराण्यातला, महसुली मोजणीचा. मुंबई इलाख्यातली साखळी ३३ फुटांची, तिचे आणे १६. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो एक गुंठा. पुढे १९४७ च्या एकत्रीकरण कायद्यानं गट पाडले. या नकाशात बांध आले, पण डोंगराची उंची नाही. दोन्ही नकाशे वेगवेगळ्या कचेऱ्यांत राहिले आणि शेतकऱ्याला लाइन कळायची ती रानात खुंटी ठोकल्यावर.

कायद्याची मुळंही तशीच. जमीन संपादित न करता खांब रोवायचा आणि तार न्यायचा अधिकार १८८५ च्या तार (टेलिग्राफ) कायद्यातला. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६४ नं तो वीजवाहिन्यांना देण्याची सोय केली. तारसेवा २०१३ साली बंद झाली. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं जुना कायदा रद्द करतानाही त्याचा तिसरा भाग वीजवाहिन्यांपुरता राखून ठेवला. भरपाईचे दर वाढले आहेत, आणि ते वाढायलाच हवे होते. पण भरपाई ठरते ती वाट ठरल्यावर.

वाटेबद्दल आधी विचारण्याची रीत आली ती तिसऱ्याच घराण्यातून. भूदृश्य-रचनाकार इयान मॅकहार्ग यांनी १९६९ च्या ‘डिझाइन विथ नेचर’मध्ये रस्त्यासाठी पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवले. तीव्र उतार, जंगल, जुन्या वास्तू, जे जपायचं ते गडद. सगळे थर ठेवून जो भाग फिका उरेल तिथून रस्ता. संगणकावर या गडदपणाचे अंक झाले आणि संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९५९ साली मांडलेल्या रीतीनं कमीत कमी बेरजेची वाट शोधता येऊ लागली. पण देवराईला किती अंक आणि ओसाड माळाला किती, हे कोणी ठरवायचं? अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात वीजवाहिन्यांची आखणी करणाऱ्यांनी रहिवासी, निसर्गरक्षक आणि अभियंते यांना एकत्र बसवून ते अंक ठरवले. ही पद्धत २००६ साली प्रसिद्ध झाली. माझ्या मते या साऱ्या कथेतला सर्वांत मोठा टप्पा हाच. तयार रेघेवर हरकती मागवण्याऐवजी लोकांना रेघेच्या जन्मातच वाटा मिळाला.

मेढ्याच्या परिसरात अशी बैठक बसली तर कोयना अभयारण्याची हद्द किंवा कास पठार हे थर सरकारदरबारी तयार मिळतील. पण कोणत्या उताराला पावसात भेगा पडतात, कोणता झरा मे महिन्यातही वाहतो, हे गावालाच ठाऊक. जुलै २०२१ मध्ये शेजारच्या पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाववर दरडी कोसळल्या. अशा मुलखात मनोऱ्याचा पाया कुठं घ्यायचा हे त्या माहितीवाचून ठरवू नये.

गटांचे नकाशे आता संगणकावर आहेत, ते उपग्रहाच्या चित्रावर ठेवता येतात. मनोरा खाचरातून बांधावर न्यायचा तर लाइनीला वळण द्यावं लागतं, वळणावरचा मनोरा जड असतो आणि खर्चही वाढतो. तो वाढीव खर्च आणि वाचणारं रान, दोन्ही आकडे ग्रामसभेपुढं ठेवावेत, आणि तेही खुंट्या ठोकण्याआधी.