विजेच्या मोटारीसाठी घरगुती चार्जर निवडताना

मोटारीसोबत मिळालेला चार्जर बिघडला, की अधिक क्षमतेचा घेण्याचा मोह होतो. मात्र आधी मोटारीच्या आत बसविलेल्या चार्जरची क्षमता पाहावी. भिंतीवरील पेटी केवळ एसी वीज पुरविते. तिचे डीसीत रूपांतर मोटारीतच होते. त्यामुळे ३.३ किलोवॉट क्षमतेच्या मोटारीला ७.२ किलोवॉटची पेटी जोडली, तरी बॅटरी लवकर भरत नाही. २०२२ मध्ये आलेली टाटा टियागो ईव्ही या दोन्ही पर्यायांत मिळू लागली. आपल्याकडील पर्याय कोणता, याची खात्री करावी.

गरजही मोजावी. वसमतहून नांदेडला जाऊन-येऊन सुमारे ८० किलोमीटर होतात. शंभर किलोमीटरला १५ युनिट धरल्यास १२ युनिट खर्ची पडतात. ३.३ किलोवॉटच्या चार्जरवर तेवढी वीज सुमारे चार तासांत भरते. रोजचा प्रवास एवढाच असल्यास मोठ्या चार्जरवरील खर्च वाया जातो.

७.२ किलोवॉटसाठी ३२ अँपिअरचा प्रवाह तासन् तास वाहतो. जुन्या वायरी व सैल जोड त्यामुळे तापून आगीचा धोका संभवतो. म्हणून मीटरपासून स्वतंत्र तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून करून घ्यावे. मंजूर भार अपुरा असल्यास आधी महावितरणकडे वाढीव भारासाठी अर्ज करावा.

खरेदी करताना मोटारीशी जुळणारा जोड (बहुतेक नव्या मोटारींत टाइप-२), आयएस १७०१७ मानक आणि वॉरंटी तपासावी.