हुगळीच्या वाटेने आलेले शिक्षक

कोलकात्याच्या दक्षिणेस, हुगळीच्या डाव्या तीरावर, बजबज नावाचे गाव आहे. १८९७ च्या फेब्रुवारीत पाश्चात्त्य देशांतून परतलेले स्वामी विवेकानंद येथेच उतरले व आगगाडीने कलकत्त्यास गेले. १९१४ च्या सप्टेंबरात ‘कोमागाता मारू’ जहाजावरील उतारूंवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याही येथेच. काही वर्षांपूर्वी कचेरीच्या कामानिमित्त मी तेथे गेलो होतो. घाटावर उभा असताना माझ्या मनात मात्र याहून जुनी, आणि आपल्या महाराष्ट्राशी नाते असलेली एक हकिकत येत होती.

समुद्रातून कलकत्त्यास जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला बजबजवरून जावे लागे. १८१२ च्या ऑगस्टमध्ये असेच एक जहाज वर गेले, आणि त्यात गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे दोन तरुण अमेरिकन धर्मोपदेशक होते. त्यांना कलकत्त्यात राहावयाचे होते. कंपनी सरकारला ते नको होते. १८०६ च्या वेल्लोरच्या बंडानंतर मिशनरी म्हटला की कंपनीचे अधिकारी दचकत. त्यातच त्या वर्षीच्या जूनमध्ये इंग्लंड-अमेरिका युद्ध सुरू झालेले. देश सोडून जाण्याचा हुकूम निघाला. सरकारी नोकरीत आयुष्याचा मोठा भाग घालविलेल्या माणसाला अशा हुकमांचे पुढे काय होते हे ठाऊक असते. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत हे दोघे नोव्हेंबरात मुंबईचे जहाज गाठून निघाले आणि ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस उतरले. तेथेही हद्दपारीचा हुकूम होताच. पण गव्हर्नर सर इव्हान नेपियन याने अखेर त्यांना राहू दिले. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ हा असा झाला.

आता खरी अडचण उभी राहिली. उपदेश मोठ्यांना करावयाचा. परंतु मोठे ऐकत नाहीत, मुले ऐकतात, हे त्यांच्या लौकरच ध्यानात आले. इंग्लंडात रॉबर्ट रेक्स याने १७८० मध्ये ग्लॉस्टर येथे पगारी बायका नेमून गिरणीतल्या मुलांसाठी रविवारची शाळा काढली होती. त्या प्रयोगाची कीर्ती तोवर अमेरिकेतही पोचली होती. पण ग्लॉस्टरला शिकविणारी बाई मुलांच्याच बोलीत बोले. मुंबईत तशी व्यक्ती आणावयाची कोठून?

स्वतः मिशनरी मराठीचे विद्यार्थी होते. हुगळीच्याच काठी, श्रीरामपूर येथे, विल्यम केरी याने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये प्रसिद्ध केले होते. म्हणजे शिकविण्यास आलेल्यांना आधी पंडितापुढे बसून शिकावे लागले. आणि शाळा निघाल्या तेव्हा त्यांतले पंतोजी कोण? बहुधा ब्राह्मण, आणि काही ठिकाणी बेने इस्रायल. ज्या ग्रंथावर स्वतःची श्रद्धा नाही तो मुलांकडून वाचून घ्यावयाचा आणि महिनाअखेर पगार घ्यावयाचा, अशी ती व्यवस्था. मिशनऱ्यांना ती खटकत होती. पंतोजींना खटकत होती की नाही हे कळावयास मार्ग नाही, कारण अहवाल लिहिणारे ते नव्हते.

हॉल १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडून परतताना वाटेतच पटकीने वारला. पुढल्या वर्षाच्या अखेरीस, २९ डिसेंबर १८२७ रोजी, सिंथिया फरार ही न्यू हँपशायरची अविवाहित शिक्षिका मुंबईत आली. मुलींच्या शाळांची देखरेख हे तिचे काम. एकटी परदेशी बाई सगळ्या शाळांतून किती शिकविणार? तिला शिकविणाऱ्या घडवाव्या लागल्या, आणि हेच तिचे खरे कार्य होय. तेव्हा साक्षर मराठी स्त्री मिळणे दुर्मिळ. मिळाली तरी ती घराबाहेर पडून परक्यांच्या शाळेत शिकविण्यास धजेल याची शाश्वती नाही. शिवाय मुली लहान वयात सासरी जात, आणि तयार झालेले हात डोळ्यांदेखत निसटत. प्रकृती ढासळल्याने ती १८३७ मध्ये मायदेशी गेली. दोन वर्षांनी परतली ती थेट अहमदनगरास, आजच्या अहिल्यानगरास. तेथेच १८६२ मध्ये तिचा अंत झाला.

पालकांची भीती केवळ सनातनीपणाची होती असे मानणे अन्यायाचे होईल. धर्मांतर हा मिशनचा हेतू लपलेला नव्हता. १८३९ मध्ये मुंबईत डॉ. विल्सन यांच्या शाळेतील पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेताच त्या शाळेचे वर्ग ओस पडले. स्वतःचे मूल परक्याच्या हाती देताना आईबापांनी काय जोखले असेल, याचा विचार करताना मला आजही कोणा एका बाजूने बोलता येत नाही.

पण नगरच्या शाळा पाहावयास एक पाहुणा आला, आणि कथेला निराळेच वळण लागले. जोतीराव फुले यांनी मिस फरारच्या मुलींच्या शाळा पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात आपली शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण नगरला फरारबाईंकडे व पुण्यास मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये घेतले, असे त्यांची चरित्रे सांगतात. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांनी उचलली ती शिकविण्याची रीत आणि मुलींसमोर शिक्षिका म्हणून उभे राहण्याचे धैर्य. पुण्याच्या रस्त्यात त्यांच्या अंगावर शेणमाती पडली तेव्हा पाठीशी कोणतेही परदेशी मंडळ नव्हते.

मिशनने आपली वाट सोडली नाही. १८७३ मध्ये ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक निघाले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारख्या कवीने त्यात लिहिले आणि रविवारच्या शाळेतील मुलांना परभाषेचा वास नसलेली मराठी मिळाली. हॉल-नॉटना जी व्यक्ती हवी होती, मुलांच्याच बोलीत बोलणारी, ती मिळावयास निदान साठ वर्षे लागली होती.

बजबजच्या घाटावर त्या दिवशी तेलाच्या टाक्यांपलीकडून एक जहाज हळूहळू वर सरकत होते. त्याचे नाव मला वाचता आले नाही.