काळी सायकल

१९७६ साली मी दहावी पास झालो तेव्हा बापाने सायकल घेऊन दिली. काळी, दांडीची, पनवेलच्या दुकानातून जुनीच, दीडशे रुपयांना. त्या साली भात बरं पिकलं होतं. बाप म्हणाला, "हिला चारा नको, पानी नको. पन रोज पुसत जा."

आमचं गाव पनवेल-उरण रस्त्यापासून जरा आत. एस.टी.चा भरवसा नव्हता. भाताचं पोतं कॅरेजवर बांधून गिरणीवर न्यायचं, येताना हँडलला बाजाराची पिशवी आणि रॉकेलचा डबा. पावसाळ्यात बांधावर चिखल झाला की सायकलच आपल्या खांद्यावर बसायची. एका चैत्रात आम्ही पाच जण कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाला सायकलने गेलो. खोपोलीपर्यंत मजेत. पुढे खंडाळ्याचा घाट हाताने ढकलत चढलो. परतताना उतारावर ब्रेकची रबरं जळल्याचा वास यायचा.

तोवर जमिनीचं ठरून गेलेलं होतं. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायच्या, असं ठरलं. त्यात आमची भातशेतीही आली. दि. बा. पाटलांच्या मागे लोक उभे राहिले. गावात फोन कुठला? सभेची खबर घेऊन मी सायकलवर गावोगाव जायचो. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या दिवशी परत येताना आमच्यातला कोणी सायकलवर बसला नाही. हातात धरून चालत आलो. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना पुढे आली, ती या लढ्यामुळे.

आता माझ्या पुतण्याने रोड बाईक घेतलीय. बारीक टायर, वाकडं हँडल, गिअर. फार महाग नाही, पगारात बसेल अशी. तिच्यावरून तो बेलापूरला कामाला जातो, येताना भाजी आणतो, रविवारी दोस्तांबरोबर कर्नाळ्याला जातो. कॅरेज नाही म्हणून मी हसतो, तर तो पाठीवरची पिशवी दाखवतो.

१२ जानेवारी २०२४ ला शिवडी ते चिर्ले अटल सेतू सुरू झाला, जवळजवळ २२ किलोमीटर. त्यावर मोटारसायकल, रिक्षा, ट्रॅक्टर चालत नाही, मग सायकल कुठली! वेगाच्या पुलावर ती नको, हे मलाही कळतं. पण इकडचे बाकीचे रस्तेही आमच्याच शेतांवर झालेत. त्यांच्या कडेला सायकलपुरती चार हात जागा सोडली असती, तर काय बिघडलं असतं? पुतण्या कंटेनरच्या बाजूने जीव मुठीत धरून जातो.

काळ्या सायकलची घंटा काढून मी त्याच्या सायकलला लावून दिलीय. संध्याकाळी ती अंगणात वाजली की मग मी जेवायला बसतो.